उंटांवर बंदी, तेलाला वाट

एका राष्ट्राने दुसऱ्यावर आक्रमण केले असता उरलेल्या राष्ट्रांनी कसे वागावे, याचे एक प्रगल्भ शास्त्र जिनिव्हा शहरात विकसित झाले असून चिंता, तीव्र चिंता, निषेध आणि आर्थिक निर्बंध या त्याच्या चढत्या पायऱ्या होत. आक्रमकाशी चालणारा व्यापार व कर्जव्यवहार तोडून त्याला युद्ध परवडेनासे करणे, ही आर्थिक निर्बंधांची ग्रंथमान्य व्याख्या आहे. मात्र जिच्यावाचून युद्ध खरोखरच थांबेल ती वस्तू यादीत येऊ नये, याची दक्षता घेणे हा या शास्त्राचा प्रगत भाग असून त्याचे अभिजात उदाहरण म्हणून अ‍ॅबिसिनियाचे, म्हणजे आजच्या इथिओपियाचे प्रकरण अभ्यासावे लागते.

3 ऑक्टोबर 1935 रोजी इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याच्या फौजा युद्धाची घोषणा न करताच इथिओपियात शिरल्या. दोन्ही देश राष्ट्रसंघाचे, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर जगात शांतता नांदावी म्हणून स्थापन झालेल्या संस्थेचे सदस्य होते आणि करार मोडून युद्ध करणाऱ्या सदस्याने सर्वच सदस्यांशी युद्ध पुकारले असे मानावे, असे संघाच्या सनदेचे सोळावे कलम सांगत होते. संघाच्या परिषदेने अवघ्या चार दिवसांत इटलीला आक्रमक ठरवले. सर्वांशी युद्ध झाल्याचे मानूनही कोणालाच लढायचे नसल्यामुळे समित्यांना पुरेशी सवड मिळाली आणि 18 नोव्हेंबरपासून निर्बंध लागू झाले.

इटलीला शस्त्रे व कर्जे देणे आणि इटालियन माल घेणे बंद झाले, हे खरे. परंतु इटलीला काय विकू नये हे ठरवताना रबर, कथील आणि निकेल यांच्याबरोबर इटलीत मुबलक तयार होणारे अ‍ॅल्युमिनियमही निषिद्ध ठरले. लोहखनिज रोखले गेले, पण पोलाद मोकळे राहिले. आणि घोडे, खेचरे, गाढवे व उंट यांच्या निर्यातीवर बंदी आली. ज्या तेलावर मुसोलिनीचे रणगाडे, मालमोटारी आणि विमाने चालत होती, ते मात्र यादीत नव्हते. कारण संघाबाहेरची अमेरिका ते विकेलच, शिवाय तेल तोडल्यास मुसोलिनी चिडून युद्ध करील, अशी भीती होती. तो युद्धच करीत होता, पण ते आफ्रिकेत असल्यामुळे या हिशेबात धरले गेले नाही. सुएझ कालवा युद्धकाळातही सर्व जहाजांना खुला राहील, असे 1888 चा करार सांगत असल्याने इटलीच्या सैनिकवाहू बोटी रीतसर शुल्क भरून पुढे गेल्या, आणि कालव्याच्या कंपनीत ब्रिटिश सरकार व फ्रेंच भागधारक प्रमुख असल्यामुळे निर्बंध घालणाऱ्यांनाच आक्रमणातून लाभांश मिळण्याची सोय झाली. अमेरिकेने तर आपल्या तटस्थता कायद्यानुसार दोन्ही पक्षांना शस्त्रविक्री बंद करून समदृष्टी दाखवली. इटलीत शस्त्रांचे कारखाने होते आणि इथिओपियात नव्हते, एवढाच त्या समतेत फरक होता.

उंटांचा विचार येथेच संपला नाही. डिसेंबरमध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होर आणि फ्रान्सचे पंतप्रधान लाव्हाल यांनी इथिओपियाचा मोठा भाग इटलीच्या पदरात घालून उरलेल्या देशाला समुद्राकडे जाणारी एक चिंचोळी पट्टी देण्याची गुप्त योजना आखली, तेव्हा लंडनच्या ‘टाइम्स’ने त्या पट्टीला उंटांचा मार्ग म्हटले. योजना फुटल्यावर लोकक्षोभ उसळून 18 डिसेंबरला होर यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच दिवशी इटलीत निर्बंधांना उत्तर म्हणून स्त्रिया लग्नाच्या सोन्याच्या अंगठ्या राष्ट्राला अर्पण करीत होत्या. मुसोलिनीविरुद्ध घातलेल्या निर्बंधांनी त्याच्यामागे देश उभा करण्याचे काम त्याच्या प्रचारखात्यापेक्षा स्वस्तात केले.

इथिओपियाच्या सैनिकांवर आणि खेड्यांवर कातडी भाजणाऱ्या मस्टर्ड वायूचा मारा होत राहिला व 5 मे 1936 रोजी अदिस अबाबा पडले. 30 जून रोजी इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे जाब विचारण्यास उभे राहिले, तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवल्या. सदस्य राष्ट्रांनी शिट्ट्या न वाजवता त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि 15 जुलैला निर्बंध उठवले. तेल तोडले असते तर आठवड्यात माघार घ्यावी लागली असती, अशी कबुली मुसोलिनीने पुढे हिटलरजवळ दिल्याचे हिटलरच्या दुभाष्याने नोंदवले आहे.

या शास्त्राची सुधारित आवृत्ती 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर चढाई केल्यावर निघाली. ‘स्विफ्ट’ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून युरोपने काही रशियन बँका हाकलल्या, परंतु ज्यांच्यामार्फत रशियन नैसर्गिक वायूचे बिल भरायचे, त्या बँका पहिल्या यादीतून वगळल्या. डिसेंबरमध्ये ‘जी-7’ गटाने रशियन कच्च्या तेलाला पिंपामागे 60 डॉलरची कमाल किंमत ठरवली. त्या किमतीच्या आत तेल नेणाऱ्या जहाजांना पाश्चात्त्य विमा मिळावा, म्हणजे तेल थांबू नये आणि रशियाची कमाई घटावी, असा हा बेत होता. या चढाईवरील संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानात तटस्थ राहिलेल्या भारताने ते तेल सवलतीत घेतले, शुद्ध केले आणि त्यातील काही डिझेलच्या रूपाने युरोपात पोहोचले. त्यात कोणाचाही नियमभंग झाला नाही. 1935 मध्ये तेल वाहते ठेवण्यासाठी ते यादीतून वगळावे लागले होते, आता ते यादीत घालूनही वाहते ठेवता येते, एवढी प्रगती या शास्त्राने 87 वर्षांत केली आहे.