फ्रिजच्या दारातला दवाखाना

पोराचं अंग जरा कोमट लागलं की आपल्या घराचा दवाखाना होतो. त्याला पाटी लागत नाही, पदवी लागत नाही. लागतो तो अनुभव, आणि तो घरातल्या प्रत्येकाकडे डॉक्टरपेक्षा जास्तच असतो. आजी लांबूनच ‘दात येतायत’ असं निदान करते. काका म्हणतात, ‘आमच्या बंटीला हेच दिलं होतं.’ बंटी आज इंजिनिअर आहे, याहून मोठा पुरावा कुठल्या औषधाला मिळालाय?

औषधसाठा फ्रिजच्या दारात, सॉसच्या बाटलीशेजारी. झाकणं चिकटलेली, ओघळ लेबलावरून गेलेला, तोही नेमका एक्स्पायरीच्या तारखेवरून. दिवाळीत पाणी घालून कालवलेलं अँटिबायोटिकही तिथेच. ते आठवड्याभरानं टाकून द्यायचं असतं, पण टाकवत नाही. सर्दी विषाणूची, तिच्यावर ते चालतच नाही. चालायला काय हवं? बाटली महाग होती ना!

मग मात्रा. इथे आपली प्रतिभा खरी खुलते. पॅरासिटामॉल मुलाच्या वजनावर देतात, किलोला एका वेळी साधारण 15 मिलिग्रॅम. म्हणजे 10 किलोच्या पोराला 150. पण पाव किलो भेंडी घेताना काट्यावरून नजर न हलवणारे आपण पोराचं वजन ‘अंगानं बरा आहे’ एवढ्यावर भागवतो. मापाची टोपी पहिल्याच दिवशी भातुकलीत गेलेली असते. मग चमचा येतो. कुठला? हाताला लागेल तो.

आता गंमत बघा. सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 125 मिलिग्रॅम औषध असतं, काही बाटल्यांत 250. तान्ह्या बाळांच्या थेंबांत मात्र एकाच मिलिलिटरला 100. थेंबांची बाटली एवढीशी, म्हणजे औषध सौम्य, हे आपलं तर्कशास्त्र. त्याचा 5 मिलिलिटरचा एक चमचा पाजला की 500 मिलिग्रॅम पोटात. काका डोकं दुखल्यावर घेतात ती अख्खी गोळी! वर सर्दीचं सिरप. त्यातही कधीकधी पॅरासिटामॉल असतंच, पण ते मुंगीच्या अक्षरांत, आणि चष्मा देवघरात. यकृताला हे झेपलं नाही तरी ते लगेच बोंब मारत नाही. पोर सुरुवातीला बरंच दिसतं, आणि आपण म्हणतो, ‘बघा, गुण आला.’

खोकल्याला मेडिकलवाला आहेच. ‘लहान मुलाचं खोकल्याचं द्या.’ ‘कोरडा की ओला?’ झाली तपासणी. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलावर छापायला औषध महानियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये कंपन्यांना सांगितलं. पण त्यासाठी बाटली वाचावी लागते. आपण ती फक्त हलवतो. आजोबांच्या गोळ्यांतल्या निमेसुलाइडचा पाव तुकडा ‘ताप झटकन उतरवतो’ म्हणून अजून काही घरांत फिरतो. 12 वर्षांखालच्या मुलांसाठी ते 2011 पासून बंद आहे. बातमी पोचायला वेळ लागतो.

2025 मध्ये छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष असलेल्या खोकल्याच्या सिरपनं लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. कितीतरी पोरांना नागपूरला आणलं, अनेक जण परतले नाहीत. इथे विनोद सुचत नाही. काकांना मात्र मुद्दा सुचतो. ‘डॉक्टरनंच लिहून दिलं होतं ना? म्हणून म्हणतो, घरचं बरं.’ घरचं म्हणजे त्याच दुकानातलं, फक्त चिठ्ठीशिवाय.

शेवटी तिसऱ्या दिवशी डॉक्टर. ‘काय काय दिलंत?’ ‘काही नाही हो, असंच थोडंसं.’ पिशवीतून एकेक करत पाच बाटल्या टेबलावर येतात. डॉक्टर पोराला काट्यावर उभं करतात, छाती ऐकतात, बाटल्या बाजूला सारतात. पाणी पाजत राहा, खाईल तेवढं खाऊ द्या, श्वास जोरात चालला किंवा लघवी कमी झाली तर रात्रीही घेऊन या. संपलं.

रिक्षात बसल्याबसल्या सगळ्यांचं एकमत होतं. ‘चारशे रुपये घेतले आणि औषध एक नाही! पुढच्या खेपेला दुसरा डॉक्टर बघू.’