सूट वरच्यांना, झडती खालच्यांना

विमानतळावर कोणाची झडती घ्यायची नाही, याची एक सरकारी यादी आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, सरन्यायाधीश, मुख्यमंत्री अशी ती उतरत जाते. सप्टेंबर २०१५ पर्यंत या यादीत इतक्या सगळ्या पदांच्या पंगतीत एका माणसाचे नाव छापलेले होते: रॉबर्ट वाड्रा. हाती कोणतेही पद नाही, घटनेने दिलेली कोणतीही जबाबदारी नाही. एसपीजी संरक्षण असलेल्या नातेवाइकांसोबत प्रवास करताना त्यांना झडती माफ होती. बरीच ओरड झाल्यावर नाव निघाले. यादी राहिली.

माझा आक्षेप यादीलाच आहे. पंतप्रधान तुमच्या-माझ्या विमानाने जात नाहीत, त्यांचे सोडा. पण तिकीट काढून आपल्याच विमानात बसणाऱ्या मंत्र्याला सूट कशासाठी? झडती घेतल्याने मान जातो, म्हणून? झडतीने मान जात नसेल, तर सूट कोणालाच नको. जात असेल, तर तो सामान्य माणसाचाही जातो. यातले एक काहीतरी सरकारने ठरवावे.

एप्रिल २००९ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर कॉन्टिनेंटल एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांनी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची झडती घेतली. माजी राष्ट्रपती म्हणून त्यांना सूट होती. कलाम मुकाट्याने तपासणीला उभे राहिले आणि त्यांनी तक्रारही केली नाही. जुलैमध्ये बातमी फुटली, संसदेत गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली. खासदारांना एवढा संताप येतो, याचा अर्थ झडतीत माणूस दुखावतो हे त्यांना पक्के ठाऊक आहे. मग तो संताप बिननावाच्या प्रवाशासाठी का येत नाही?

नृत्यांगना सुधा चंद्रन यांचे नाव सगळ्यांना माहीत होते, तरी त्यांचे काय झाले पाहा. १९८१ च्या अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला. जयपूर फूट लावून त्या पुन्हा नाचल्या आणि त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये याच सुधा चंद्रन व्हिडिओत रडवेल्या होऊन पंतप्रधानांना सांगत होत्या की प्रत्येक विमानप्रवासात मला कृत्रिम पाय काढायला लावतात. स्फोटकांचा अंश शोधणारे ईटीडी यंत्र पायावरून फिरवा, एवढीच त्यांची विनंती असायची. यंत्र उपलब्ध असते, ते वापरायला काही मिनिटे लागतात, तरी पाय काढायला सांगितले जाई. व्हिडिओ गाजल्यावर सीआयएसएफने माफी मागितली आणि खुलासा केला की नियमानुसार कृत्रिम अवयव अपवादात्मक परिस्थितीतच काढायला सांगायचा असतो.

म्हणजे नियम चांगलाच होता. तो प्रवाशाला माहीत नव्हता आणि तपासणीच्या टेबलाशी कोणी पाळत नव्हते. सुधा चंद्रन यांच्याकडे लाखो प्रेक्षक होते. पाय गमावलेला आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारा घाटकोपरचा एखादा फेरीवाला कोणाला व्हिडिओ पाठवणार? तो पाय काढून ट्रेमध्ये ठेवेल आणि गप्प बसेल.

सुरक्षा नको, असे मुंबईच्या उपनगरातला माणूस म्हणणार नाही. त्याने खूप सोसले आहे. २ डिसेंबर २००२ ला घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. १३ मार्च २००३ ला मुलुंडला लोकलमध्ये झाला. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत बॉम्ब फुटले, खार, जोगेश्वरी, बोरिवली अशा ठिकाणी. ज्यांच्या घरचे माणूस त्या दिवशी परतले नाही, त्यांना खासगीपणावर व्याख्यान द्यायची माझी हिंमत नाही.

पण याच उपनगराने दुसरी बाजूही पाहिली आहे. घाटकोपरच्या स्फोटानंतर ख्वाजा युनूस हा परभणीचा सत्तावीस वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर पोलिसांनी धरला. जानेवारी २००३ मध्ये तो कोठडीतून नाहीसा झाला. पोलिसांनी सांगितले, पळून गेला. सीआयडीच्या तपासाने ही कहाणी खोटी ठरवली आणि पोलिसांवरच खुनाचा आरोप ठेवला गेला. स्फोटाच्या खटल्यातले उरलेले आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. मुलगा गेला, आई कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली, आणि बॉम्ब कोणी ठेवला हे घाटकोपरला आजही कळलेले नाही. ज्या यंत्रणेला कोणी जाब विचारत नाही, तिच्या हातून स्वातंत्र्य तर जातेच, सुरक्षाही मिळत नाही.

म्हणून विमानतळावरच्या नव्या कॅमेऱ्याला आत्ताच जाब विचारला पाहिजे. डिजियात्रा डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीला सुरू झाली आणि २०२३ मध्ये मुंबईला आली. चेहरा दाखवा, दार उघडेल. सोय आहे, नाकारत नाही. पहाटे तीनला बोरिवलीहून निघालेल्या माणसाला दहा मिनिटे वाचली तर हवीच असतात. पण चेहरा हा पासवर्ड नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा जन्मभराचा असतो.

आणि हा चेहरा आपण देतो कोणाला? डिजियात्रा फाउंडेशन या कंपनीला. तिच्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के. उरलेला ७४ टक्के वाटा मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद आणि कोची या पाच विमानतळांच्या कंपन्यांचा, प्रत्येकी १४.८ टक्के. माहिती तुमच्याच फोनमध्ये राहते, विमानतळावर गेलेली २४ तासांत पुसली जाते, असे सांगतात. पण २०१८ चे मूळ धोरण काढून वाचा. सुरक्षेच्या गरजेनुसार पुसण्याची मुदत बदलता येईल, अशी सोय त्यात आहे. सरकारी यंत्रणांना प्रवाशांची माहिती देता येईल, असेही त्यात आहे. वचन ठळक अक्षरात आणि अपवाद आतल्या पानावर, हा व्यवहार सचोटीचा नाही.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात निकाल दिला: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर आधी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा. डिजियात्रेसाठी संसदेने वेगळा कायदा केलेला नाही. धोरण आणि परिपत्रक यांवर ती चालते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, पण देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी कोणत्याही सरकारी यंत्रणेला अधिसूचना काढून त्यातून वगळण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे. इथेही सूट वरच्यांनाच.

डिजियात्रा ऐच्छिक आहे, असे सरकार म्हणते. तरी २०२४ च्या सुरुवातीला प्रवाशांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या होत्या: प्रवेशद्वारावरच्या कर्मचाऱ्यांनी नीट न सांगता, न विचारता चेहरा टिपून घेतला. ऐच्छिकपणाची कसोटी रांगेत लागते. चेहरा देणाऱ्यांना चार दारे आणि ओळखपत्र दाखवणाऱ्यांना एक, अशी व्यवस्था कुठे दिसली तर ती संमती नाही, दमछाक करून घेतलेला होकार आहे.

आता जरा घराकडे वळू, कारण हा रोग सहारच्या टर्मिनलपुरता नाही. मुलुंडच्या, बोरिवलीच्या, अंधेरीच्या टॉवरच्या फाटकावर सकाळी सातला उभे राहा. कामाला येणाऱ्या बाईचा फोटो अ‍ॅपवर आहे. ती किती वाजता आली, कोणत्या घरात गेली, किती वाजता निघाली, याची नोंद सगळ्यांच्या फोनवर वाजते. निघताना वॉचमन म्हणतो, "मावशी, पिशवी उघडा." मावशी पिशवी उघडते. आत डबा असतो, कोणी दिलेली जुनी साडी असते. त्याच फाटकातून सदनिकाधारकाची गाडी जाते, तेव्हा डिकी उघडायला कोणी सांगत नाही. विमानतळावरच्या यादीला नावे ठेवणारे आपण, आपल्या सोसायटीत तीच यादी करून बसलो आहोत. मावशीची संमती कोणी घेतली? तिचा फोटो काम सुटल्यावर पुसला का? ती माहिती कोणत्या कंपनीकडे आहे, हे सेक्रेटरींना तरी ठाऊक आहे का?

तपासणीला माझा विरोध नाही. माझ्या मागण्या साध्या आहेत. सूट असलेल्यांच्या यादीतून, नेहमीच्या प्रवासी विमानाने जाणाऱ्या प्रत्येकाला वगळा. मंत्री रांगेत उभा राहिला, की त्या रांगेची व्यवस्था महिन्याभरात सुधारेल. तपासणीच्या जागी प्रवाशाचे हक्क मराठीत, हिंदीत, इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लावा: कृत्रिम अवयव काढायला केव्हा सांगता येते, बाईची तपासणी कोण करणार, पडद्याआड तपासणी मागता येते का, तक्रार कुठे करायची. डिजियात्रेला संसदेचा कायदा करा, त्यात पुसण्याची मुदत पक्की लिहा, आणि माहिती अधिकाराखाली आम्ही उत्तर देऊ असे फाउंडेशनने जाहीर करावे.

हे सरकारने करायचे. तुम्ही करायचे ते दोनच गोष्टींत आहे. चेहरा द्यायचा नसेल तर दारावर स्पष्ट सांगा, "डिजियात्रा नको, ओळखपत्र तपासा." आवाज चढवायची गरज नाही, आणि कारण सांगायला तुम्ही बांधील नाही. दुसरे, सोसायटीच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लेखी ठराव मांडा: कामाला येणाऱ्यांच्या पिशव्यांची झडती बंद. सभेला ते मान्य नसेल, तर दुरुस्ती सुचवा, की झडती प्रत्येकाची होईल आणि पहिली गाडी अध्यक्षांची उघडेल. मग ठरावाच्या बाजूने किती हात वर होतात ते मोजा.