प्रकल्प कसा उरकावा: परतूर तालुक्यातल्या नव्या शिक्षकांसाठी

परतूर तालुक्यात नव्याने रुजू झालेल्या सरांनी आणि मॅडमनी प्रकल्पाची धास्ती घेऊ नये. 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्प जाऊन बसला, आणि तेव्हापासून तो दरवर्षी सुखरूप पार पडतो आहे. मुलांची त्यात फारशी अडचण होत नाही.

आधी विषय ठरवावा. ‘प्रदूषण’, ‘पाणी वाचवा’ आणि ‘आपले सण’ हे कधी दगा देत नाहीत. चित्रांचे तयार तक्ते स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. गुरुवारी विषय सांगितला की शुक्रवारी प्रकल्प हजर. मधली रात्र आईची. प्रदूषणाचा देखावा शक्यतो थर्माकोलचाच असावा. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, पण शिक्षणासाठी एवढं चालतं. तपासताना कव्हर पाहावं. आतली पानं सगळ्यांची सारखीच असतात, कारण झेरॉक्सचं दुकान एकच.

प्रशिक्षणात कुणीतरी किलपॅट्रिकचं नाव काढतं. या अमेरिकन प्राध्यापकाने 1918 साली लिहून ठेवलं की प्रकल्प मुलाला स्वतःला मनापासून करावासा वाटला पाहिजे. मान डोलवावी. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा आग्रह धरला, हेही ऐकवतील. तेव्हा परतूर निजामाच्या मुलखात होतं, सबब आपल्याला लागू नाही.

आता खरी खबरदारी. जून लागला की मुलांना पर्जन्यमापक करू देऊ नये. तो फार सोपा असतो, हाच त्याचा दोष. सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळं तयार. बूड वेडंवाकडं असतं, म्हणून तळाशी खडे टाकून बाटलीचं अंग सरळ होतं तिथवर पाणी भरायचं, तिथे शून्य. बाहेरून मोजपट्टी चिकटवायची. बाटली झाडापासून, भिंतीपासून लांब ठेवायची, रोज सकाळी ठरल्या वेळी आकडा लिहायचा आणि पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर, हे कळल्यावर कुणीतरी आपल्या दोन एकरांचा गुणाकार मांडतोच. दहा मिलिमीटरला ऐंशी हजार लिटरच्या वर उत्तर येतं आणि ते त्याला खोटं वाटतं. तो पुन्हा मांडतो. इथवर गणित म्हणून खपवता येईल.

पण समजा, एका पोरीच्या बाटलीत एका रात्रीत 71 मिलिमीटर भरलं आणि महसूल मंडळाच्या नोंदीत 58 आलं. भरपाईसाठी अतिवृष्टी धरतात ती 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर, आणि तीही महसूल मंडळाच्या आकड्यावरून. मंडळात गावं कितीतरी, मापक एका जागी, आणि पाऊस तर या बांधाला पडतो, त्या बांधाला पडत नाही. मग सोयाबीन पाण्यात गेलेला बाप वही घेऊन शाळेत उभा राहतो: “मॅडम, ह्याच्यावर तेवढा शाळेचा शिक्का मारून द्या.”

शिक्का देता येत नाही. बाटलीला सरकारात पत नाही, हे त्याला समजावता येईल. वर्गाला समजावणं अवघड. आकडा खरा कोणाचा, असं मुलं विचारतात. मागच्या बाकावरचा म्हणतो, तिची बाटली पन्हाळीखाली असणार. ती त्याला मधल्या सुट्टीत घरी नेऊन जागा दाखवते. पन्हाळ दुसऱ्याच बाजूला असते. तरी त्याचं समाधान होत नाही, म्हणून दोघं मिळून तीन बाटल्या कापतात: एक शाळेच्या मैदानात, एक त्याच्या शेतात, एक पलीकडच्या गावी मामाकडे. आकडे फोनवर. कुणी सांगितलेलं नसताना.

असं झालंच तर गडबडून जाऊ नये. केंद्रप्रमुख येण्याआधी बाटल्या खोलीत ठेवाव्यात, भिंतीवर ‘पाणी वाचवा’चा तक्ता लावावा आणि त्या पोरीच्या नावापुढे नेहमीची नोंद करावी: उपक्रमात सहभागी होते. अक्षर सुधारावे.