पोन्तेवेद्राच्या महापौरांना हिंगोलीहून अनावृत पत्र

मा. श्री. मिगेल आन्शो फर्नांडेस लोरेस,
महापौर, पोन्तेवेद्रा, गालिसिया, स्पेन यांसी
हिंगोलीहून सा. न. वि. वि.

साहेब, आपली-आमची ओळख नाही. पण पत्रिका काढल्या तर छत्तीस गुण जुळतील. तुम्ही १९९९ साली महापौर झालात. आमचा हिंगोली जिल्हा त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून वेगळा निघाला. तुमच्या गावाची वस्ती त्र्याऐंशी हजारांच्या आसपास, आमच्या शहराची २०११ च्या जनगणनेत ८५,१०३. म्हणजे आम्ही काकणभर सरसच. तुमच्या गावातून सांतियागोला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट जाते. आमच्या जिल्ह्यात औंढ्याला नागनाथाचं ज्योतिर्लिंग आहे आणि नर्सीला संत नामदेवांचं जन्मस्थान. एवढं सगळं सारखं असताना तुम्ही तुमच्या गावाचं काय करून ठेवलंत ते वाचनात आलं, आणि राहवलं नाही म्हणून हे पत्र.

तुम्ही पेशाने डॉक्टर. आमच्याकडे डॉक्टर आधी गोळ्या देतात, मग सलाईन लावतात आणि शेवटी 'नांदेडला हलवा' म्हणतात. तुम्ही थेट कापाकापीच केलीत. निवडून आल्याबरोबर जुन्या गावातले सुमारे तीन लाख चौरस मीटर रस्ते नि चौक पायी चालणाऱ्यांच्या ताब्यात दिलेत. मध्यवस्तीत रस्त्यावर गाडी लावणं बंद. लावायची तर जमिनीखाली, नाहीतर गावाच्या कडेच्या फुकट वाहनतळावर. मालाच्या गाड्यांना ठरावीक वेळ. गावात जितकी माणसं राहत त्याहून जास्त गाड्या पूर्वी रोज गावातून जात, असं तुम्हीच सांगता. इतकं भरलं वैभव हातानं घालवलंत! घरी गाडी आहे म्हणून सगळ्यांच्या जागेत ती उभी करण्याचा हक्क मिळत नाही, ही तुमची भूमिका मी इथे चहाच्या टपरीवर वाचून दाखवली. लोक मनापासून हसले. एकाने विचारलं, "मग गाडी घ्यायची कशाला?"

आमचं गाव तुम्हाला नीट सांगतो. निजामाच्या काळी हिंगोली ही छावणी होती. हैदराबाद कंटिंजंटचं घोडदळ, पायदळ, तोफा इथे असत. ती फौज १९०३ साली इंग्रजांच्या सैन्यात विरून गेली. वस्त्यांची नावं मात्र राहिली: रिसाला, पलटन, तोफखाना, पेन्शनपुरा. घोडे, तोफा, दाणावैरणीच्या गाड्या, एवढा लवाजमा असून या रस्त्यांवर कोंडी झाल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. फौजेत कोणी कुठे उभं राहायचं हे ठरलेलं असतं, त्यामुळे तसली मजा तिथे नाही. आम्ही स्वतंत्र देशाचे नागरिक. तोफ लागत नाही. गांधी चौकाच्या वळणावर एक स्कूटी तिरपी लावून आम्ही चारी दिशा थांबवून दाखवतो.

मध्यंतरी आमच्यावर एक संकट येऊन गेलं. अकोला-नांदेड रस्ता, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग १६१, चौपदरी झाला आणि शहराला बाहेरून वळसा घालून निघून गेला. वर्षानुवर्षं आम्ही म्हणत आलो होतो की कोंडी होते ती परगावच्या ट्रकमुळे. ट्रक बाहेरून गेले तर आता काय होणार, अशी धास्ती होती. पण साहेब, गाव पुरून उरलं. ट्रक गेले, कोंडी राहिली. ती अस्सल स्थानिक निघाली, एमएच-३८ पाटीची, घरची.

तिची घडण कशी आहे ते सांगतो, तुम्हाला नकाशे काढायची हौस आहे म्हणून. बाजारातला तीस फुटी रस्ता धरा. दोन्ही बाजूंना दुकानाची पायरी आणि पायरीपुढे मांडलेला माल, तीन-तीन फूट. उरले चोवीस. त्यापुढे दुचाकींची रांग, दोन्हीकडे सहा-सहा फूट. उरले बारा. एका बाजूला दुचाकींना खेटून एक चारचाकी, सहा फूट. तिचा मालक आत कापडं बघतोय आणि जाताना "दोनच मिनिटांत आलो" असं हवेला सांगून गेलाय. उरले सहा फूट. या सहा फुटांतून जाणारे, येणारे, ऑटो, केळीचा हातगाडा, शिकवणीहून सुटलेली तिघंजण एका स्कूटीवर, आणि कधीकधी सिव्हिलकडे निघालेली अँब्युलन्स. चोवीस फूट रस्ता जागेवर उभा असतो आणि आम्ही बोंब मारतो ती उरलेल्या सहा फुटांत गर्दी फार झाली म्हणून.

यावर आमचा ठरलेला उपाय म्हणजे रस्ता रुंद करा. तो मलाही फार आवडतो. तीसचा चाळीस केला की दुचाकींच्या एका रांगेऐवजी दोन बसतात. अमेरिकेत ह्यूस्टनला केटी फ्रीवे नावाचा रस्ता त्यांनी २००८ पर्यंत वाढवत वाढवत काही ठिकाणी २६ पदरी केला. थोड्याच वर्षांत तो पुन्हा तुंबला. तेवढ्या पैशात त्यांना जे साधलं ते आम्ही एका पिकअपमध्ये साधतो.

तुमच्याकडच्या दुकानदारांनी सुरुवातीला फार विरोध केला, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. आमच्या व्यापाऱ्यांचंही तेच म्हणणं आहे, आणि गिऱ्हाइकाची त्यांना मनापासून काळजी आहे. म्हणूनच सकाळी दुकान उघडायच्या आधी ते स्वतःची गाडी दारात लावतात, रात्री शटर पाडेपर्यंत हलवत नाहीत. दुकानातल्या पोरांच्या दुचाक्याही तिथेच. गिऱ्हाइकाने येऊन भलतीकडे लावण्यापेक्षा घरच्यांनी लावलेली बरी. मग गिऱ्हाईक रस्त्याच्या मध्ये थांबतं आणि गाडीवरूनच ओरडतं, "शेठ, तेलाचा डबा आहे का?"

चालण्याचं म्हणाल, तर तो वारसा आमचाच. नामदेव महाराज या मातीतून निघाले आणि पंजाबात घुमानपर्यंत पोचले. त्यांचे आजचे गाववाले पुडी आणायला कोपऱ्यापर्यंत बुलेट काढतात. तुम्ही म्हणे २०११ साली 'मेट्रोमिनुतो' नावाचा नकाशा केला. रेल्वेच्या नकाशासारखा, पण त्यात कुठून कुठे पायी जायला किती मिनिटं लागतात एवढंच. गावात मेट्रो नाही आणि नकाशा मेट्रोचा! हे मात्र आमच्या वळणाचं वाटलं. आमच्या शहराचा असा नकाशा केला तर घातक ठरेल. गांधी चौक, इंदिरा गांधी चौक, अग्रसेन चौक, मोंढा, स्टेशन ही ठिकाणं एकमेकांपासून किती जवळ आहेत ते लोकांना कळेल, आणि मग गाडी लावायला जागा शोधत घातलेल्या चकरांचा हिशेब निघेल. डोनाल्ड शूप नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाने यावर २००५ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं सार असं की फुकटचं पार्किंग फुकट नसतं. त्याचे पैसे सगळे भरतात, न लावणारेसुद्धा. हे पुस्तक इकडे कुणी पाठवू नये.

तरी तुमची बाधा झालेले काही लोक इथेही आहेत. त्यातले एक निवृत्त मास्तर दिसेल त्याला थांबवून सांगतात (रस्त्यातच थांबवून, ही त्यातली गंमत) की बाजारात तासाप्रमाणे पैसे घ्या, पहिला अर्धा तास नाममात्र, नंतर चढता दर. दुकानदाराची गाडी आठ दिवसांत आपोआप घरी राहील. माल सकाळी नऊच्या आत नाहीतर रात्री उतरवा. ऑटोचा थांबा चौकाच्या तोंडावरून पन्नास पावलं मागे घ्या, म्हणजे वळणारा वळेल. मी त्यांना समजावलं, की ऑटोवाला पन्नास पावलं मागे उभा राहिला तर पुढे उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या ऑटोचं भाडं होईल. म्हणून तर सगळे एकमेकांच्या पुढे सरकत चौकाच्या मध्यावर येतात. यात कुणा एकाचा दोष नाही. मास्तर म्हणाले, "म्हणूनच तर पट्टा सगळ्यांना सारखा मारायचा." गणिताचे मास्तर आहेत, त्यांना कोण सांगणार?

हातगाड्यांचा विषय निघाला की आमच्याकडे एक मोठी सोय आहे. कोंडीचा राग कुणावर तरी काढायचा असतो, आणि केळी-पेरू विकणारा समोरच सापडतो. तो पळतो, दोन दिवसांनी परत येतो, कारण पोट तिथेच आहे. मास्तर इथेही २०१४ चा पथविक्रेता कायदा काढतात. त्यात म्हणे शहरात विक्रेत्यांची समिती हवी, त्यांची नोंद हवी, त्यांच्या जागा ठरवून द्यायला हव्यात, आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत त्यांना सामावून घ्यायला हवं. आमच्या लोकसंख्येला ते दोन हजारांवर जातात. जागा आखून दिली की गाडा हलणार नाही आणि रस्ता अडणार नाही. पण मग राग कुणावर काढायचा, हे त्या कायद्यात लिहिलेलं नाही. शिवाय चारचाकी सहा फूट अडवते आणि काही विकत नाही. हातगाडा तीन फूट अडवतो आणि स्वस्तात भाजी देतो. यातला कोण हलवायचा हे ठरवायला आम्हाला कधी अवघड गेलेलं नाही.

उन्हाळ्यात याल तर आमचं खरं सोनं बघाल. हळद! जिल्हाभरातून आणि बाहेरूनही ट्रॅक्टर, पिकअप, ट्रक हळदीचे कट्टे घेऊन मार्केट यार्डाला लागतात. रांग यार्डात मावत नाही, रस्त्यावर येते. शेतकरी गाडीखाली सावलीला झोपतो, रात्र काढतो. या रांगेची मी थट्टा करणार नाही. तो दोन मिनिटांवाला नव्हे. वर्षभराचं पीक घेऊन आलेला माणूस आहे, आणि त्याला आवकेप्रमाणे वार, वेळ नेमून दिली, बाहेर उभं राहायला मोकळं मैदान नि पाणी दिलं, तर त्याला भर रस्त्यात झोपायची हौस नाही.

आता एक घरातली गोष्ट, तुमच्यापर्यंतच ठेवा. अनंत चतुर्दशीला आमच्या चिंतामणी गणपतीला लाखो लोक येतात, नवसाचे मोदक न्यायला. त्या दिवशी पोलिस वाहतूक वळवतात, गाड्या बाहेर अडवतात, आणि शहराच्या वस्तीच्या कितीतरी पट माणसं पायी आत येतात. म्हातारी, पोरंबाळं, कडेवरची, सगळी. रांगेत उभी राहतात, दर्शन घेतात, खरेदी करतात, जातात. त्या दिवशी कुणीही 'मग गाडी घ्यायची कशाला' विचारत नाही. दीडशे वर्षांहून जुन्या आमच्या दसऱ्यात रामलीला मैदानाकडे गर्दी लोटते, तेव्हाही लोक चालतातच. म्हणजे तुम्ही जे रोज करता ते आम्हाला जमतं. पण सणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅरिकेड उचलले जातात आणि सगळं पूर्ववत उभं राहतं.

कायद्याचीही उणीव नाही. २०१९ पासून अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हा आकडा मी एका पालकाला सांगितला. ते म्हणाले, "असं आहे का? बरं झालं सांगितलं, आता पोराला मागच्या गल्लीने जायला सांगतो."

तुमच्याकडचे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. १९९६ ते २००६ या काळात ज्या रस्त्यांवर अपघातांत ३० माणसं दगावली, त्याच रस्त्यांवर पुढच्या दहा वर्षांत ३. इथे थोडा वेळ माझा विनोद अडकतो, म्हणून पुढे जातो.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यासाठीच एवढा कागद खर्च केला. पट्टे कसे मारले, वाहनतळ कुठे केले, ते आमचे मास्तरही सांगतात. तुम्ही लोकांच्या दारातल्या गाड्या काढल्यात, व्यापारी चिडवलेत, आणि तरी २००३, २००७, २०११, २०१५, २०१९, २०२३ असे दर वेळी पुन्हा महापौर झालात. हे कसं? आमच्याकडे कोणत्याही कारभाऱ्याला विचारा, तो म्हणेल, "पटतंय हो, पण पुढच्या वर्षी निवडणूक आहे." पुढचं वर्ष आमच्याकडे दर वर्षी असतं. चिडलेला दुकानदार पुन्हा मत द्यायला किती महिन्यांनी तयार झाला? पहिली शिवी कुणी घातली आणि पहिला नमस्कार कुणी? मधल्या काळात तुम्ही घराबाहेर पडत होतात का? आणि पडलात तर, चालत? एवढं सविस्तर कळवावं. तुमचं उत्तर मी गांधी चौकात मोठ्याने वाचून दाखवीन. श्रोते भरपूर असतील, त्यांना हलताच येत नाही.

कळावे, लोभ असावा,
आपला,
एक हिंगोलीकर (सध्या जवाहर रोडवर, पुढच्या ऑटोच्या मागे)

ता. क. : उत्तर साध्या टपालानेच पाठवा. कुरिअरची गाडी बाजारात अडकते. आमचे पोस्टमन काका सायकलवर येतात.