हिंग लावून विचारलं तरी

कंपन्यांना ग्राहकाच्या पोटाची काळजी नाही, असं कोण म्हणतं? मधाच्या बाटलीवर 'ग्लूटेन-फ्री' लिहिलेलं असतं, मखाण्याच्या पाकिटावर असतं, तांदळाच्या पिशवीवरही दिसतं. मधमाशी पोळ्यात बसून गव्हाच्या पोळ्या लाटते की काय, अशी शंका कुणाला येऊ नये म्हणून केवढी ही दक्षता!

सिलिअ‍ॅक हा आजार असलेल्या मुलीच्या आईला मात्र मधाचा घोर नसतो. तिला हिंगाचा असतो. अस्सल हिंग इतका उग्र, की गोंद आणि पीठ मिसळून तो सौम्य केल्याशिवाय सहसा डबीत येत नाही, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. म्हणजे पोळी सोडून वरणभातावर यावं, तर फोडणीच फितूर निघते.

गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेनमुळे या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. त्यावर गोळी नाही. जन्मभराचं कडक पथ्य, एवढाच उपचार. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी 1950 साली आपल्या प्रबंधात गव्हाकडे बोट दाखवलं होतं. ती बातमी ग्राहक सेवा केंद्रात अजून पोहोचायची आहे.

"मॅडम, आमचं प्रॉडक्ट शंभर टक्के व्हेज आहे."

"गहूसुद्धा व्हेजच असतो हो."

"आणि शुगर-फ्रीपण आहे, मॅडम."

"हिंग?"

"तुमची तक्रार नोंदवून घेऊ का?"

"तक्रार नाही, प्रश्न आहे."

"प्रश्नाचा ऑप्शन नाहीये, मॅडम. ईमेल करा."

ईमेलचं उत्तर येतं, आणि ते वकिलानं लिहिलेलं असतं. 'आम्ही ग्लूटेन हेतुपुरस्सर मिसळत नाही. तथापि आमच्या कारखान्यात गहू, दूध, सोया, तीळ, शेंगदाणे व सुकामेवा हाताळला जात असल्याने त्यांचा अंश असू शकतो किंवा नसूही शकतो. कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.' डॉक्टर म्हणतात, कंपनीला विचारा. असू शकतो किंवा नसूही शकतो, एवढं तर आमच्या गल्लीतला ज्योतिषीही सांगतो; वर अंगारा देतो.

नियम नाहीत असंही नाही. ग्लूटेन असलेलं धान्य घातलं असेल, तर वेष्टनावर तसं लिहावंच लागतं. 'ग्लूटेन-फ्री' म्हणायचं, तर ग्लूटेनचं प्रमाण किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत हवं. लिहितातही बिचारे. फक्त त्या अक्षरांचा आकार मुंगीच्या पायाएवढा आणि 'आजीच्या हातची चव' मात्र फलकाएवढी.

या सगळ्यात सरळ उत्तर मिळतं ते कोपऱ्यावरच्या गिरणीत. ज्वारीचा डबा पुढे केला, की गिरणीवाला म्हणतो, "काकू, आत्ताच गव्हाचं दळण काढलंय. तुमच्यात थोडं येणारच. मुलीला चालत नसेल, तर घरघंटीच बघा." प्रयोगशाळा नाही, टोल-फ्री नंबर नाही, कायदेशीर सल्लागार नाही, आणि आपल्या हातानं गिऱ्हाईक परत पाठवायची तयारी! या माणसाला एखाद्या मसाला कंपनीनं मोठ्या पगारावर ताबडतोब उचलावं. तो दुसऱ्या दिवशी राजीनामा देईल, ही गोष्ट वेगळी.

नातेवाइकांना तर ग्राहक सेवेच्या प्रशिक्षणाचीही गरज नाही. "एवढ्याशानं काही होत नाही गं, देवाचा प्रसाद आहे," म्हणत रव्याचा शिरा पुढे येतोच.

कंपन्यांकडे मागणी तशी किरकोळ आहे. पीठ कशाचं ते ठळक अक्षरात छापा, तपासणी केली असेल तर आलेला आकडा सांगा, केली नसेल तर 'केली नाही' म्हणा. हिंगात हे जमत नाही, असं मात्र सांगू नका. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग बाजारात मिळतो, आणि त्याच्या डबीवर तसं लिहिलेलं असतं.