मरीनभाऊ

मालवणच्या किनाऱ्यावर कुणी होडी दुरुस्तीला वर ओढली, की पहिला खिळा ठोकायच्या आत मरीनभाऊ हजर. खरं नाव आता त्यांच्या पेन्शनच्या कागदांवरच उरलंय. बोलतात शुद्ध पुस्तकी, जणू समुद्राकडे अर्ज करायचाय.

खिशात लोहचुंबक. स्टीलच्या स्क्रूला लावतात, चिकटलं नाही की मान डोलावतात आणि लगेच भुवया चढवतात. "पण हे ३०४ की ३१६? चुंबकाला दोन्ही सारखेच. खाऱ्या पाण्यात ३१६च हवं." मग चुंबक कशाला, हे त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही. तांब्याच्या खिळ्याशेजारी लोखंडी पट्टी दिसली तर ते तिथेच बसून राहतात. खाऱ्या पाण्यात तांब्यापायी लोखंड आधी खलास होतं, हे खरंच आहे. पण ते सांगताना त्यांचा चेहरा कुणी गेल्यासारखा होतो.

एकदा लाकूड पोखरणाऱ्या किड्याचा विषय निघाला. "तो किडा नव्हे. शिंपल्यांचा चुलतभाऊ तो!"

"मगे सुक्यां करूया काय तेचा?" होडीखालून आवाज आला.

मरीन प्लायवूडचा जोड ७२ तास उकळूनही सुटता कामा नये, असं त्यांनी मानकात वाचलं. घरी प्रयोग झाला. भाताच्या टोपात फळीचा तुकडा आणि बाजूला घड्याळ. संध्याकाळपर्यंत काकू गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि भात खंय शिजवू? तुमच्या डोक्यार?" प्रयोग ९ तासांवर थांबला. प्लाय पास झालं की नापास, ते गुलदस्त्यात राहिलं.

त्यांची स्वतःची होडी परसात आहे. अस्सल साग, खिळे तांब्याचे. काजूच्या टरफलाच्या तेलाचा हात द्यायचा म्हणून भाऊंनी स्वतःचे दोन्ही हात उतवून घेतले. होडी पाण्यात मात्र पडलेली नाही. दरवर्षी एखादी वस्तू "अजून तपासायची" असते.

यंदा पावसाळा सरता सरता पहाटे धाडकन आवाज झाला. होडी कुशीवर झोपली होती. खालचे टेकू आंब्याचे, स्वस्तातले; ते थोडेच समुद्रात जायचे होते! वाळवीने आतून पोकळ केले होते. सगळी आळी जमली. भाऊ कंदील घेऊन वाकले, होडीच्या बुडावरून बोट फिरवलं आणि उजळलेल्या चेहऱ्याने वर पाहिलं.

"बघा, सागाला तोंडसुद्धा लावलेलं नाही!"