पहिली ते पाचवी

तुमच्या गल्लीतही त्या आहेतच. दारात इवल्या चपलांचा ढीग, गेटवर 'पहिली ते पाचवी, सेमी व इंग्रजी' अशी पाटी आणि संध्याकाळभर खिडकीतून सतराचा पाढा. आमच्या लातुरात त्यांना सगळे मॅडम म्हणतात, त्यांचे मिस्टरसुद्धा. पाटीवर आधी 'चौथी' होतं. २०१७ साली शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीवरून पाचवीला सरकली, तशी मॅडमनी ब्लेडनं चौथी खरवडून तिथं पाचवी रंगवली. शाळांना परिपत्रक मिळायच्या आत, असं मिस्टर सांगतात.

दिवाळीच्या सुट्टीआधी मॅडम सगळ्या लेकरांना गिफ्ट देतात. ऐकायला गोड आहे. पण त्यांच्यासोबत गंजगोलाईत पिशव्या धरून फिरलेल्याला विचारा. तो मान मला मिळतो, कारण मिस्टरांना नेमकी त्या दिवशी कणकण असते.

मॅडम कुठलीही वस्तू उचलतात, उलटी करून बघतात आणि विचारतात, "ह्यातनं शिकायला काय मिळतं?"

चेंडूवाला गप्प. भिंगरीवाला गप्प. फुगेवाले चाचा तेवढे डगमगले नाहीत. "मॅडम, फुग्गा है. फूटता है. बस, इत्ताच." मॅडम पुढं निघाल्या, मी मात्र एक फुगा घेतला.

हा प्रश्न त्यांनी मेंदीच्या कोनाला विचारलाय, म्हातारीच्या केसांना विचारलाय, मिस्टरांनी हौसेनं आणलेल्या माशांच्या पेटीला विचारलाय. वरातीत बँडपुढं लोळून नाचणाऱ्या नवरदेवाच्या मामालाही विचारायला निघाल्या होत्या, मिस्टरांनी पदर धरून थांबवलं. माझ्या लेखांविषयीही विचारून झालंय.

गोलाई १९१७ सालची. तिला सोळा रस्ते फुटतात. बाकीचे लोक तिथं साड्या, भांडी, सोनं बघतात. मॅडमनी ऐन गर्दीत सोबतच्या दुसरीतल्या पोराला थांबवलं. "वर्तुळाचे अंश तीनशे साठ. रस्ते सोळा. मग शेजारच्या दोन रस्त्यांत कोन किती?" पोरगं जिलेबीकडं बघत होतं. "साडेबावीस," मागचा रिक्षावाला म्हणाला आणि हॉर्न वाजवून निघून गेला. मॅडमनी पोराकडं असं बघितलं, की जिलेबी बुडाली.

एकट्या मॅडमना बोल लावून भागणार नाही. लातूर पॅटर्न मुळात बारावीचा. राजर्षी शाहू महाविद्यालयानं त्याचं नाव राज्यभर केलं: सराव पेपर सोडवा, परत सोडवा, झोपेत सोडवा, गुणवत्ता यादीत या. पुढं याद्या बंद झाल्या, नीट आली. पॅटर्न मात्र एकेक पायरी खाली उतरत दहावीला आला, नवोदयला आला, आता दुधाच्या दातांपर्यंत पोचलाय. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊ नका, असं केंद्रानं जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं. मॅडमनी ते बारकाईनं वाचलं. "पन्नासांहून जास्त मुलं असली तर कोचिंग. माझ्या हॉलमधे तेवढी मावतच नाहीत," म्हणाल्या आणि पाढा पुढं सुरू.

तर गिफ्टा. एका दिवाळीला सापशिडी दिली. शिडी चढायची तर आधी पाढा म्हणायचा. सापानं गिळायला काही पाठ लागत नव्हतं. नंतर एकदा महाराष्ट्राच्या नकाशाची कोडी स्वस्तात मिळाली. स्वस्त का, ते घरी आल्यावर कळलं. माल जुना, पालघर अजून ठाण्याच्या पोटात आणि धाराशिवच्या जागी उस्मानाबाद. मॅडम रात्री उशिरापर्यंत कात्री घेऊन ठाण्यातून पालघर वेगळं काढत बसल्या, मिस्टर धाराशिवच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. शासनानं २०१४ साली केलेलं जिल्हा विभाजन दोघांनी पुन्हा एकदा पार पाडलं. दुसऱ्या दिवशी लातूरच्या तुकड्यावरून दोन लेकरं एकमेकांना चावली.

मग एका वर्षी उशीर झाला, दुकानात काही उरलं नव्हतं, म्हणून नुसते लाकडी भोवरे आले. मॅडमनी वाटले. कुणी हसेना, कुणी जाळी गुंडाळेना. पुढं बसलेली एक चिमुरडी भोवरा ओंजळीत धरून म्हणाली, "मॅडम, ह्याचा पेपर कवा हाय?"

त्या दिवशी शिकवणी लवकर सुटली.

मॅडमचं माहेर नांदेड जिल्ह्यात, लोह्याकडं. मार्गशीर्षात तिथं माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, तमाशाच्या कनाती, सगळा धुरळा. इकडं लातुरात त्याच सुमारास वेळ अमावस्या. आम्ही शेतात कडब्याच्या कोपीसमोर भज्जी आणि आंबील हाणून आडवे. त्या येळवशीला मॅडम माहेराहून आल्या त्या पिशवीभर पिपाण्या घेऊन. प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. दोन नावं मला ओळखू येईनात. ती दोन भावंडं आई-बापाबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर गेली होती. हंगाम संपल्यावर येणार होती. मॅडम त्यांच्याकडून फी घेत नाहीत, हे मला तेव्हा मिस्टरांकडून कळलं. सांगितल्याबद्दल मिस्टरांना बोलणी बसली. ऐकल्याबद्दल मलाही.

पुढचे काही दिवस आमच्या गल्लीत कुणाला फोनवर बोलता आलं नाही. शेवटी आया जमून आल्या. त्यातली एक, जिचा मुलगा पहिलीत असून तिनं डॉक्टरकीचं कॉलेजही ठरवून ठेवलंय, म्हणाली, "मॅडम, ह्यातनं शिकायला काय मिळतं हो?"

"काहीच नाही," मॅडम म्हणाल्या आणि पाढा ऐकायला आत गेल्या.

दोन नावं कमी झाली. चौकात नवा क्लास निघालाय, 'नीट फाउंडेशन, इयत्ता पहिलीपासून', प्रवेशावर दप्तर मोफत. माझी पुतणी अजून मॅडमकडंच जाते. तेराच्या पाढ्यात ती अडखळते, पिपाणी मात्र पहाटे सहाला एका दमात वाजवते. भाऊ म्हणतो, नाव काढून टाकू. मी म्हटलं, काढ की, पण मॅडमना सांगायला तू जा.

तो अजून गेलेला नाही.